शून्य म्हणेपर्यंत

मोताळ्याच्या बाजारातून जानरावनं त्या दिवशी अर्धा किलो साखर, चहापत्तीचा पुडा, ग्लुकोजची बिस्किटं आणि दोन नवे कप घेतले. एकट्या माणसाला दोन कप कशाला, असं दुकानदारानं काही विचारलं नव्हतं. पण जानरावनं आपणहून सांगून टाकलं, "उद्या सकायी मॅडम येऊन राह्यल्या. केंद्र बंद होऊन राह्यलं ना." दुकानदारानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एकटं राहणाऱ्याचं हे असंच असतं. कोणी विचारत नाही, म्हणून तो उत्तरं खिशात घेऊन हिंडतो.

केंद्र म्हणजे मोताळ्याच्या वर, घाटाच्या अंगाला, गिधाडटेकडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत भूकंप नोंदवायचं यंत्र, दुसरीत जानराव. खाली वेचणीला आलेली कपाशी, तिच्या पलीकडे गाव, आणि वर सव्वीस वर्षं हा एक माणूस. काम म्हटलं तर एवढंच. धरणी हलली तर नेमकी कधी हलली हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगायचं तर आधी घड्याळ खरं पाहिजे. म्हणून यंत्राच्या खोलीत भिंतीला पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ होतं. शेजारी टेबलावर उपग्रहाकडून वेळ घेणारा एक डबा होता, तो दर मिनिटाला एकदा टिंग करायचा.

रोज पहाटे साडेपाचला या दोघांचा मेळ घालायचा. जगाची वेळ जिथून मोजतात तिथे रात्रीचे बारा वाजले की आपल्याकडे साडेपाच होतात, म्हणून ही वेळ. नोंद घ्यायला माणसं दोन. एकानं घड्याळासमोर उभं राहून सेकंद मोठ्यानं बोलायचे, दुसऱ्यानं डब्यापाशी रजिस्टर घेऊन बसायचं. टिंग झालं की लिहिणाऱ्यानं फरक लिहायचा आणि खणखणीत 'शून्य' म्हणायचं. घड्याळ पुढे गेलेलं असेल, तर एकोणसाठ संपले तरी टिंग येत नाही. तेव्हा बोलणाऱ्यानं साठ, एकसष्ट, बासष्ट असं बोलत राहायचं. लिहिणाऱ्यानं शून्य म्हटल्याशिवाय बोलणाऱ्यानं थांबायचं नाही, हा नियम. पहिल्या साहेबांनी तो भिंतीवर तैलरंगात लिहूनच ठेवला होता.

पुढे खात्यानं दुसरी जागा कापली आणि जानराव एकटा उरला. यंत्रंही नवी आली. पण दोघांनी नोंद घ्यायचा हुकूम काही कोणी मागे घेतला नाही. हुकमात 'दोन इसम' असं होतं, कोणते ते नव्हतं. मग त्याची बायको भिमाबाई घड्याळासमोर उभी राहायला लागली. ती शाळेत गेलेली नव्हती. पण साठाच्या आत तिचा आकडा कधी चुकला नाही, आणि साठाच्या पुढे जायची वेळ त्या घड्याळानं तिच्यावर कधी येऊ दिली नाही. डोक्यावरून पदर घेऊन, हात मागे बांधून, ती शाळेतल्या मुलीसारखी बोलायची. अठ्ठावन… एकोणसाठ… की इकडून जानरावचं "शून्य." मग ती चुलीकडे जायची. अशी कित्येक वर्षं गेली. दुसरं कोणी त्या टेकडीवर फिरकत नव्हतं आणि दोघांनाही दुसरं कोणी नको होतं.

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात एक पत्र आलं. एक जानेवारीला पहाटे पाच एकोणतीसच्या मिनिटात एकसष्ट सेकंद मोजावेत.

"काऊन?" भिमाबाईनं विचारलं.

"पृथ्वी जराशी मंद फिरते म्हणे. घड्याळं तिच्यासाठी थांबत नाहीत. मंग दोन-चार वर्षांनी एक सेकंद जास्तीचा घालतात आन दोघाइले बरोबर करतात."

भिमाबाई भाकरी थापता थापता थांबली. "पृथ्वी थकली त तिच्यासाठी घड्याळं थांबवतात. बाई थकली त कोनी थांबत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तो जास्तीचा सेकंद कोनाचा?"

"सरकारचा."

"सरकारले काय कमी हाय. मले ठेवजा तो."

एक जानेवारीच्या पहाटे ती घड्याळासमोर उभी राहिली. एकोणसाठनंतर जन्मात पहिल्यांदा 'साठ' म्हणाली, आणि म्हणतानाच तिला हसू आलं. टिंग झालं. जानरावनं फरक लिहिला. पण तिचं हसू पाहून त्याच्या तोंडून 'शून्य' आलंच नाही. तो म्हणाला, "ठेवला तुले, जाय." ती हसत हसत चहा ठेवायला गेली, आणि त्या दिवशीचं शून्य म्हणायचं राहून गेलं. एवढीशी गोष्ट. कोणाच्या लक्षात येणार?

अडीच वर्षांनी भिमाबाई काविळीनं गेली. शेवटी शेवटी तिला इतका दम लागायचा की दर दोन शब्दांमागे ती श्वास घ्यायची आणि पाणी मागायची. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भिक्खू आले, वंदना झाली, नातलग गेले. मुलगी सारिका अकोल्याला परत जाताना म्हणाली, "आबा, तुम्ही चाला आमच्याकडं." जानराव म्हणाला, "पायतो." दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच नोंदीला बसला. आता बोलणाराही तोच आणि लिहिणाराही तोच. सत्तावन… अठ्ठावन… एकोणसाठ… शून्य म्हणायला त्यानं श्वास घेतला, आणि घड्याळाच्या बाजूनं आवाज आला.

"साठ."

हळूच, पण खोलीतलाच. तिचाच. 'शून्य' त्याच्या तोंडून भीतीनंच बाहेर पडलं, आणि टिंग झालं.

त्याला सहा वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही. एकोणसाठ आणि टिंग यांच्यामध्ये एका सेकंदाची फट पडायची आणि तिच्यात तो एक शब्द यायचा. घड्याळ तपासावं तर फरक काहीच नाही. दर दिवसाला एक असे दोन हजारांवर सेकंद जास्तीचे मोजले गेले होते, आणि घड्याळ मात्र जगाच्या वेळेपासून टिचभरही हललं नव्हतं. ते सेकंद येत कुठून होते, हे जानरावनं स्वतःला विचारलं नाही. त्यानं हे कोणाला सांगितलंही नाही. तरुणपणी त्यानं दीक्षाभूमीवर उभं राहून भूतखेत मानणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो शब्द त्यानं आजवर पाळला होता. आताही तो म्हणायचा, हे भूत नाही. ही भिमा आहे. तेवढ्यासाठी त्यानं सहा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही, नातवाच्या वाढदिवसाला गेला नाही. दिवसाचे बाकीचे सगळे सेकंद त्याला खायला उठायचे. तो एका शब्दावर दिवस काढायचा.

आणि आता ते घड्याळ उतरवायला मॅडम येणार होत्या.

अश्विनी मॅडम पहाटे पाचला जीप घेऊन आल्या, स्वतःच चालवत. खात्याच्या बुलढाण्याच्या कार्यालयात त्या नव्या होत्या, तिशीच्या, बोलायला मऊ. दव पडलेलं होतं, टेकडीच्या अंगावर धुकं होतं, आणि खालच्या गावाचे दिवे त्यात बुडाले होते. जानरावनं नव्या कपात चहा दिला.

"घड्याळ संग्रहालयात जाईल, काका. भंगारात नाही जाणार, काळजी करू नका."

"कोन्या संग्रहालयात?"

"ते ठरायचंय. तोवर गोदामात. चालू नाही ठेवणार अर्थात."

जानरावनं कप खाली ठेवला. "मॅडम… तो जास्तीचा सेकंद… पुन्हा कधी येईन?"

त्या हसल्या. "तुम्हाला माहितीय ते? आता नाही येणार बहुतेक. सगळ्या देशांनी ठरवलंय, काही वर्षांत ती पद्धतच बंद. आणि गंमत म्हणजे पृथ्वी आता मंद नाही, उलट जराशी जोरात फिरतेय. पुढेमागे एखादा सेकंद काढूनच टाकावा लागेल असं म्हणतात."

"काढून… कोनता?"

"कोणता म्हणजे?"

बाहेर एक टिटवी ओरडत गेली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. पाच सव्वीस झाले होते.

"शेवटची नोंद घेऊ या ना? मी बोलते, तुम्ही लिहा."

"मॅडम, ही एवढी… एकट्यानं घेऊ द्या."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि मोबाइल घेऊन बाहेर गेल्या. दार ओढून घेतलं. कप त्यांनी टेबलावरच ठेवला होता, अर्धा भरलेला, वाफ निघत असलेला.

जानराव रजिस्टर उघडून बसला. शेवटची नोंद झाली की पुढची शंभरेक पानं कोरीच जाणार होती. लंबकाचा आवाज, राखेसारखी थंड हवा, जुन्या तेलाचा आणि लाकडाचा वास. त्यानं मोजायला सुरुवात केली. पन्नास… एकावन्न… उद्यापासून एकोणसाठनंतर काहीच येणार नव्हतं. अठ्ठावन. एकोणसाठ.

"साठ."

आणि जानरावनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

त्यानं हे आधी ठरवलं नव्हतं. एवढंच झालं की त्याला शून्य म्हणवेना.

टिंग झालं नाही.

"साठ न् एक."

साठाच्या पुढचे आकडे तिला येत नव्हते. ती हिशेबानं पुढे जात होती.

"साठ न् दोन… साठ न् तीन…"

जानरावच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सहा वर्षांत एका शब्दापलीकडे काही ऐकलं नव्हतं, आणि आता ती बोलतच होती, बोलतच होती. तो ऐकत राहिला. साठ न् वीस. साठ न् तीस. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की लंबकाचा आवाज थांबला आहे. त्यानं कपाकडे पाहिलं. वाफ चहावर उभी होती. वर जात नव्हती, विरत नव्हती. दाराच्या फटीतून धुक्याचा जो तुकडा आत आला होता, तोही जमिनीपासून वीतभर वर तसाच होता. बाहेर मॅडम काहीतरी बोलत होत्या, त्यांचं एक अक्षर अर्ध्यावर लांबलं होतं आणि संपत नव्हतं.

"साठ न्… साठ… न् एक…"

दोन साठ झाले होते आणि तिला पुढचं नाव माहीत नव्हतं. आवाज बदलला होता. दर दोन शब्दांमागे ती श्वास घेत होती.

"भिमे," जानराव म्हणाला.

"…साठ न्… साठ… न् दोन…"

"भिमे, थांब ना."

ती थांबली नाही. थांबता येत नव्हतं तिला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. लिहिणाऱ्यानं शून्य म्हटल्याशिवाय बोलणाऱ्यानं थांबायचं नाही. त्या एक जानेवारीला त्यानं शून्य म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला होता, ठेवला तुले. ती चहा ठेवायला गेली, भाकऱ्या थापल्या, आजारी पडली, मेली, आणि त्या एका सेकंदात मात्र डोक्यावर पदर घेऊन, हात मागे बांधून उभीच होती. त्यानंतरचं एकही शून्य त्या सेकंदाचं नव्हतं. आणि तो रोज पहाटे येऊन तिला तोच आकडा बोलायला लावत होता, आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

"…पानी…" आकड्यांच्या मध्येच ती म्हणाली. "…न् तीन…"

एक शब्द म्हणायचा होता. शून्य म्हटलं की ती सुटणार होती. मग खोली रिकामी, टेकडी रिकामी, अकोल्याच्या घरातला कोपरा, आणि मरेपर्यंत कुठल्याही पहाटे काही नाही. जानरावनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर तिचे सुजलेले पाय आले, दवाखान्याच्या पलंगावरचे. तिला बसवायला पाहिजे होतं. नुसतं बसवायला, पाठवायला नव्हे.

"तू बस," तो म्हणाला. "लय झालं. इकडं बस, माझ्या जागेवर. मी बोलतो."

तो उठला आणि घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. हात मागे बांधले. तिनं जिथे सोडलं होतं तिथून त्यानं उचललं, "एकशे चोवीस. एकशे पंचवीस."

मागे खुर्ची किंचित करकरली. बराच वेळ काही आवाज नव्हता. मग कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला, चाचपडत, अडखळत, पहिल्यांदाच लिहायला बसलेल्याचा असतो तसा.

जानराव मागे वळला नाही. नियमानं बोलणाऱ्यानं घड्याळावरून नजर काढायची नसते. तो बोलत राहिला. सुरुवातीला त्याला सुख वाटत होतं. इतकी वर्षं झाली, त्याच्या पाठीशी कोणी बसलेलं होतं. हजार झाले. दोन हजार झाले. घसा कोरडा पडला, तरी बोलला. पाय भरून आले, तरी उभा राहिला. तिचा दम आता बसला असेल, असं त्याला वाटत होतं. कधी ना कधी ती शून्य म्हणेल, असंही वाटत होतं. तिला तो शब्द माहीत होता. रोज ऐकला होता तिनं.

ती लिहीत राहिली.

टिंग झालं तेव्हा तो दचकला. शून्य कोणी म्हटलं नव्हतं. लंबक चालू झाला. बाहेर मॅडमचं वाक्य पूर्ण झालं, "…हो, अर्ध्या तासात निघतो आम्ही." त्या आत आल्या. चहाची वाफ वर गेली.

"झालं, काका?"

त्यानं मान हलवली. बोलला नाही. ओठ फुटून त्यांवर रक्त वाळलं होतं. त्यानं ते जिभेनं पुसलं आणि टेबलाकडे गेला. रजिस्टर उघडं होतं, शेवटच्या पानावर. शंभर कोरी पानं आता कोरी नव्हती. ओळीत ओळ घुसवून, समासात, कोपऱ्यात, आकडेच आकडे होते. वाकडे, मोठे, थरथरते. सात होते तेवढे सगळे उलट्या तोंडाचे. भिमाबाईला सात कधी जमला नाही. सारिकाचा फोन नंबर तिनं भिंतीवर असाच लिहिला होता, आणि जानरावनं त्यावरून तिची काय कमी थट्टा केली नव्हती. शेवटचा आकडा पानाच्या अगदी तळाशी होता, अठ्ठावीस हजार चारशे सहा. 'फरक' या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

त्यानं रजिस्टर मिटलं, नाडी बांधली आणि मॅडमनी पुढे केलेल्या पेटीत ठेवलं. त्यांनी झाकण लावून वर चिठ्ठी चिकटवली. मग दोघांनी मिळून घड्याळ उतरवलं, लंबक वेगळा काढून पोत्यात गुंडाळला, आणि सगळं जीपमध्ये चढवलं. एवढ्या वेळात जानराव एक शब्द बोलला नाही. मॅडमनाही ते साहजिक वाटलं. सव्वीस वर्षांचं घर सोडताना माणूस काय बोलणार?

घाट उतरताना उजाडलं. शेतांत वेचणीला बाया निघाल्या होत्या. जानराव मॅडमच्या शेजारी बसला होता, पेटी मागच्या सीटवर होती. पाठीमागं कोणी आहे हे मनातून जात नव्हतं, आणि ते जावं असं त्याला वाटतही नव्हतं.

"मुलीला कळवलं का तुम्ही निघालात म्हणून?" मॅडमनी विचारलं.

त्यानं मान हलवली, नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली, त्याचा फोन मागून घेतला, सारिकाचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे लगेच उचलला गेला.

"आबा? निंघाले का तुम्ही? आबा, बोला ना."

तिच्या आवाजानं त्याला रडूच आलं. आलो ग बाई, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"अठ्ठावीस हजार चारशे सात."

मॅडमनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"आबा… काय मोजून राह्यले तुम्ही?" सारिका हळू आवाजात म्हणाली. "आन हे… मांगं खरखर काय होऊन राह्यली? कोन लिहून राह्यलं?"

जीपमध्ये कसलाच आवाज नव्हता. जानरावनं कान देऊन पाहिलं. मग त्यानं फोन कानाशी घट्ट धरला आणि कोणीतरी शून्य म्हणेल म्हणून एक सेकंद वाट पाहिली.

"अठ्ठावीस हजार चारशे आठ," तो म्हणाला.